व्हर्नाची रिंक

व्हर्ना हृत्साकने एकसष्टाव्या वर्षापर्यंत बर्फाची रिंक कधी केली नव्हती. ते काम नेस्टरचं, तिच्या नवऱ्याचं. परसात फळ्यांचा चौकोन ठोकायचा, पाणी ओतून गोठवायचं आणि नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी अख्ख्या गल्लीने तिथे हॉकी खेळायची. व्हर्नाकडे पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळायचं काम. पण उन्हाळ्यात नेस्टरची डावी बाजू लुळी पडली आणि गल्लीने परस्पर ठरवून टाकलं, हृत्साकांची रिंक संपली.

डिसेंबरात शेजारचा लॉर्न फळ्या मागायलाच आला. "पडून कुजतील गं. माझ्याकडे लावतो. खेळ काय, कुठेही होईल."

"देऊन टाक त्याला," खिडकीपाशी बसलेला नेस्टर म्हणाला.

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस डोळ्यांसमोर बसलाय आणि त्याच्या वस्तूंची वाटणी सुरू!

"फळ्या इथेच लागतील."

"लावणार कोण? तू?"

"मी. नव्या वर्षाला बर्फ तयार नसला तर ट्रक आण आणि घेऊन जा."

फळ्या तिने ठोकल्या. मग नवशिके करतात तेच केलं: दुपारभर नळी सोडली, वीतभर पाणी एकदम. वरचा थर गोठला आणि खालचं पाणी जमिनीत मुरून गेलं. सकाळी पाऊल टाकलं तर काडकन आवाज, पाय घोट्यापर्यंत आत.

कुंपणापलीकडून लॉर्न खिदळला. "तू आपली पिरोगीच लाट बाई! ट्रकमध्ये पेट्रोल भरून ठेवू ना?"

"भर की. गाव फिरून ये."

सगळा पोकळ बर्फ तिने फावड्याने फोडून बाहेर फेकला. नेस्टरला युक्ती विचारली, तर तो "सोड म्हटलं ना" म्हणून भिंतीकडे वळला. नको सांगूस! दर हिवाळ्यात हा बाबा घरातलं सगळं गरम पाणी संपवायचा आणि ती त्याच्या नावाने बोटं मोडायची, ते तिला आठवलं. म्हणजे पाणी गरम हवं. घसरगाडीवर पिंप, पिंपाला तोटी, पाणी सारखं पसरायला मागे ओल्या गालिच्याचा तुकडा फरफटत. बोटाच्या पेराएवढाही जाड नाही असा एकेक थर, तो घट्ट झाल्यावर दुसरा. उणे अठ्ठावीसात तिच्या पापण्या चिकटत होत्या. रडू यायचं, तेही गोठायचं. ती शिव्या देत पुढचं पिंप भरायची.

आठव्या दिवशी खिडकीवर धडाधड ठोकल्याचा आवाज आला. नेस्टर उजव्या हाताने कोपरा दाखवत ओरडत होता, "तिकडे खोलगट आहे! दोन थर जास्त घाल, आंधळी आहेस का?"

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतंस?" ती बाहेरून गरजली आणि कोपऱ्याकडे वळली.

नव्या वर्षाच्या सकाळी लॉर्न खरंच ट्रक घेऊन आला. उतरला, बर्फावर टाच आपटली, पुन्हा आपटली. मग घरी जाऊन स्केट्स घेऊन आला. दुपारपर्यंत गल्ली खेळली.

सगळे गेल्यावर व्हर्नाने स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावर ठेवली, नेस्टरला कसंबसं तिच्यावर बसवलं आणि स्वतः शेजारणीचे स्केट्स चढवले. आयुष्यात पहिल्यांदा. इथे मुलं अशीच शिकतात, खुर्ची ढकलत.

"वेडी आहेस. पडशील," नेस्टर म्हणाला.

"मी पडले तर तूही पडशील," व्हर्ना म्हणाली. "धरून बस."

आणि तिने ढकललं.