ऑटोगायरोचा गहाळ बोल्ट

ती घटना आठवली की आजही माझा हात आपोआप टोपीकडे जातो. मी भांडुप ठाण्यात फौजदार होतो तेव्हा तिथल्या एका गाळ्यात एका निवृत्त फिटरनं स्वतः आराखडा काढून ऑटोगायरो, म्हणजे हेलिकॉप्टरसारखं दिसणारं छोटं विमान, बांधला होता. मागचा पंखा यंत्राला पुढे ढकलतो. डोक्यावरची पाती नुसत्या वाऱ्यानं फिरतात आणि त्याला उचलतात. फिटरनं ती हातानं गरकन फिरवून दाखवली, तर माझी टोपी उडाली ती थेट मुलुंडच्या हद्दीत! परत मिळवायला तिथल्या ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागला.

एके सकाळी फिटर ठाण्यात आला. पात्यांना मधोमध धरणारा बोल्ट चोरीला गेला होता. दोन दिवसांवर, परवानगी घेतलेल्या धावपट्टीवर, पहिलं उड्डाण होतं.

डायरीत नोंद केली, पंचनामा झाला, वॉचमनचा जबाब घेतला. नाक्यावरचा भंगारवाला न बोलावता आला.

"साहेब, इंजिन सोडून एक बोल्ट नेणारा भंगारवाला बघितलाय कधी? आमच्या धंद्याची इज्जत काढता काय! घरचं बघा ना."

मला आयुष्यात चारशे खबरी भेटले. फुकट आणि खरं बोलणारा हा एकटाच.

फिटरच्या घरी चहाला गेलो. स्वयंपाक गॅसवर, तरी रॉकेलचा वास. ओट्यावर वाटीत खडूची पूड. माझं नाक श्वानपथकानं दोनदा उसनं मागितलेलं! फिटरच्या बायकोला विचारलं, "वहिनी, नोकरी केलीत कधी?"

"कारखान्यात. बावीस वर्षं माल तपासायला होते."

"मग हा बोल्टही तपासला असेल?"

वहिनींनी जुन्या टिफिनमधून बोल्ट काढला, रॉकेलमध्ये बुडवून पुसला, वर खडू चोळला. फटीत मुरलेलं रॉकेल पाझरलं आणि पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. तडा!

"अगं, तू चोरलास?" फिटर ओरडला.

"चोरला नाही. रिजेक्ट केलाय. तीनदा सांगितलं, तडा आहे. 'काही होत नाही गं,' म्हणालात. अहो, वर इंजिन बंद पडलं तर पाती सावकाश खाली आणतील. पातीच सुटली तर?"

फिटरनं त्या रेघेवरून नख फिरवून पाहिलं. तक्रार त्यानं तिथेच मागे घेतली.

नवा बोल्ट वहिनींनी तपासला, स्वतः आवळला, तेव्हाच यंत्र उडालं. मागच्या सीटवर मी, टोपी हनुवटीला बांधून. घारींनी सलाम ठोकला, खोटं सांगत नाही.

चोरीचा फायदा कुणाला, एवढंच आम्हाला शिकवलं होतं. त्यानंतर मी प्रत्येक केसमध्ये आणखी एक प्रश्न विचारायचो: चोरी झाली नसती, तर कोण मेलं असतं?