उतू गेलेल्या दुधाची बाटली

माझं नाक मेलेलं आहे. पुलगावच्या एका जिनिंगमध्ये तीस-बत्तीस वर्षं सरकी काढायच्या रेच्यापुढे उभा राहिलो, कापसाची धूळ नाकात बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाला, आता काही होणार नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वास येत नाही म्हणून कोणी मरत नाही. आणि घरात बायको होती. दूध नासलं का, गॅस उघडा राहिला का, हे सगळं ती पाहत होती.

तिचं नाक कसं होतं ते सांगतो. आमचा जिल्हा दारूबंदीचा. बंदी आहे म्हणजे दारू नाही असं नाही. पण बंदी आहे म्हणून मोहल्ल्यातल्या बायकांनी मंडळ काढलं होतं, आणि आमची त्यात सगळ्यांच्या पुढे. कोणाच्या गोठ्यात दारूसाठी मोह सडत घातला आहे, हे तिला रस्त्यावरून समजे. बाकीच्या बायका काठ्या घेऊन मागे उभ्या राहत. ही मान वर करून दोन-तीनदा हुंगे आणि बोट दाखवी, "त्या कडब्याच्या मांगं." मडकं तिथेच निघे. पिणारे तिला पाहून गल्ली बदलत. मी लग्नाआधी प्यायलो होतो. लग्नानंतर हिंमत झाली नाही.

पोरगी एकच. सेवाग्रामला नर्सिंग शिकली आणि आयर्लंड नावाच्या देशात नोकरीला गेली. जावईही तिकडेच. पहिल्यांदा दोघं घरी आले तेव्हा जावयाने पिशवीतून तीन बाटल्या काढून माझ्यापुढे मांडल्या. म्हणाला, "मामाजी, ही तिकडची खासियत आहे. तीन वेगवेगळ्या आणल्यात. तुम्ही चाखून सांगा कोणती आवडते."

मी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की आता ही तिन्ही बाटल्या अंगणात फोडते. पण जावई होता. जावयाने पहिल्यांदा हाताने आणलेली वस्तू सासू कशी फेकणार? ती उठली, चहा टाकला. मग चुलीकडूनच म्हणाली, "राहू द्या. औषधाले होईन."

दोघं परत गेल्यावर तिने कारभार हाती घेतला. परदेशी बाटल्या घरात दिसल्या तर मंडळात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून सरबताच्या तीन सारख्या बाटल्या धुऊन वाळवल्या आणि त्यांत तिन्ही ओतल्या. मूळच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून बत्त्याने फोडल्या आणि लिंबाच्या झाडाखाली पुरल्या. कोणती कोणती हे समजावं म्हणून गळ्याला दोरे बांधले. एकीला लाल, एकीला पिवळा, एकीला काळा. कपाटात लोणच्याच्या बरणीमागे ठेवल्या. मी म्हणालो, "नावं तरी लिहून ठेव." तर म्हणे, "इंग्रजी तुमाले येते का मले? दोरा बरा."

मी चौथी शिकलो, ती दुसरी. दोरा बरा होता.

पुढे पोरगी येई तेव्हा त्याच तीन आणी आणि आमची त्याच तीन बाटल्यांत ओते. सगळे नियम तिचे. रविवार. दुपारी चारला बसायचं, दिवे लागायच्या आत उठायचं. दिवा लावल्यावर घरात हा प्रकार नाही. माप म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण. एकेक झाकण तीन वाट्यांत, वर थेंबभर पाणी. बाटली तिनेच उघडायची. ती थेंबही घेत नसे. पण आधी तिन्ही वाट्या तिच्या नाकाखालून जायच्या, मग माझ्याकडे.

पहिल्या रविवारी मी लालवालीचा घोट घेतला, काळीचा घेतला, आणि म्हणालो, "सगळ्या सारख्याच. दारूसारखी दारू."

"सारख्या कशा?" ती म्हणाली. "तुमचं नाक गेलं, तोंड तं हाय ना? लालवाली आंब्याच्या मोहोराची हाय. गोडसर. काळी हुरड्याच्या आगटीची, धूर येते तिले. अन् ही पिवळी..." इथे ती थांबली. वाटी परत नाकाजवळ नेली. "ही उतू गेलेल्या दुधाची. चुलीवर सांडून करपते ना, तवा साय जळल्याचा वास येते, तसा. अन् मांगून सुंठ."

मी पुन्हा चाखलं. तिने सांगितल्यावर काळी घशाला खरखरली हे खरं. पण लाल आणि पिवळी मला कधी वेगळ्या लागल्या नाहीत. ती सांगे, मी मान हलवी. मग मला खरंच साय लागायची. ती पुढ्यात बसलेली असली की लागायची.

जावयाने फोनवर समजावलं होतं की तिकडे जवाची दारू तीनदा गाळतात, म्हणून ती मऊ असते. बायको म्हणाली, "तीनदा? आपल्या इकडं एकदा गाळली का पोलीस येते."

हे पाच-सहा वर्षं चाललं. जे मंडळ मडकी फोडत होतं त्याच्या पुढारणीच्या घरी दर रविवारी तीन वाट्या मांडल्या जात होत्या. तिला याची लाज होती. एकदा म्हणालीही, "मेल्यावर मले हे इचारतीन." पण चार वाजले की तीच वाट्या काढी.

मग तिला पोटाचा आजार झाला. शेवटच्या महिन्यात अन्न जात नव्हतं. भाताचा वास सहन होत नसे, फोडणीचा नाही, माझ्या अंगाचाही नाही. एका दुपारी म्हणाली, "पिवळीवाली आना जरा."

मी बाटली आणली. आयुष्यात पहिल्यांदा ती मी उघडली. तिने वाटी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. किती वेळ तशीच होती. म्हणाली, "माय दूध तापवाले ठेवे अन् इसरे." एवढंच. वाटी परत दिली. मी ती पिऊ लागलो तर म्हणे, "नका पिऊ. ओता परत. पोरगी आली का काढू."

पोरगी आली ती चौथ्या दिवशी, आई गेल्यानंतर.

तेरवी झाली. पोरगी परत गेली, नोकरी होती. माझी धाकटी बहीण देवळीला दिलेली आहे, विधवा आहे, ती महिनाभर माझ्याकडे राहिली. तिने घर धुतलं, गोमूत्र शिंपडलं, भांडी घासली. मी ओट्यावर बसून असायचो. आत काय चाललं ते पाहिलं नाही. त्या कपाटाकडे तर अकरा महिने गेलो नाही.

आता वर्षश्राद्ध आलं. पोरगी येते आहे. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, आईचा घास ठेवताना तिच्या आवडीचं काय करायचं?"

मी सांगितलं, पुरणपोळी, भजी, कढी. मग म्हणालो, "अन् पिवळीवाली. वाटीत ठेवीन. लोकाले काय म्हनायचं ते म्हनू दे."

ती रडली थोडी. मग म्हणाली, "तिघींतली तीच ना, आईने शेवटी जिचा वास घेतला? मी नवीन घेऊन येते. तिन्हींची नावं मला माहीत आहेत. फक्त पिवळी म्हणजे कोणती ते सांगा."

मी म्हणालो, पाहून सांगतो. तिने आजवर नावं सांगितली होती, आम्हाला उच्चारताही येत नव्हती. मला वाटलं, बाटली समोर असली म्हणजे काहीतरी करता येईल. थोडी शिशीत काढून ठेवीन, पोरगी येईल, हुंगेल, तिला समजेल.

कपाट उघडलं. लोणच्याच्या बरणीमागे दोनच बाटल्या. दोरा एकीलाही नाही.

बहिणीला फोन लावला.

"बाई, त्या लोनच्यामांगच्या बाटल्याचे दोरे कुठी हायेत?"

"ते? ते तं मी तवाच कापून नदीत टाकले. दादा, काळा दोरा होता एकाले! वयनी अशी खंगून गेली, अन् घरात दोरे बांधलेल्या बाटल्या. कोनं करनी केली असन तं? मी तुमाले सांगतलं नाई, तुमी आंदीच दुःखात."

"अन् तिसरी बाटली?"

"ते तेल ना? मी इचारलं होतं तुमाले, हे कायचं तेल हाय. तुमीच तं म्हनलं, पाय चोळाचं हाय, ने."

मला आठवत नाही. म्हणालो असेन. तेव्हा कोणी घराचं दार मागितलं असतं तरी ने म्हणालो असतो.

दोन्ही बाटल्या घेऊन आतल्या खोलीत बसलो. रविवार नव्हता, पण चार वाजले होते. दोन वाट्या काढल्या, झाकणाने माप टाकलं. पहिलीने घसा खरखरला. ती काळी. दुसरी नुसती गोड लागली. गोड लाल आहे का पिवळी? परत घेतली. जिभेवर धरून ठेवली. साय नाही, सुंठ नाही, मोहोर नाही. समोर कोणी बसलेलं नव्हतं. तीन वेळा चाखली आणि तीनही वेळा ती नुसती दारू होती. मी एवढा म्हातारा माणूस, दोन वाट्या पुढे घेऊन बसलो आणि मला काही सांगता येईना. शेजाऱ्याला बोलावून हुंगायला लावावं तर सगळ्या मोहल्ल्याला समजेल, आणि बोलतील ते तिला बोलतील, मला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून देवळीला गेलो.

बहीण अंगणात पाय पसरून ऊन घेत बसली होती. सरबताची बाटली बाजूलाच. तळाला बोटभर काहीतरी उरलेलं, पिवळं, गढूळ.

"दादा, लय गुन हाय या तेलात," ती म्हणाली. "पन थंड हाय हो, लगेच उडून जाते. म्हनून मी त्यात मोहरीचं तेल टाकलं, अन् कापूर."

"पहिले कसा वास येत होता त्याले?" मी विचारलं. "कापूर टाकाच्या आंदी."

"काऊन?"

"सांग ना."

तिने आठवून पाहिलं. "उघडलं तवा मले वाटलं खराब झालं. कसा सांगू? चुलीवर दूध उतू गेल्यावर येते ना, करपल्यावानी? तसा. तेलाले असा वास असते का? म्हनून तं कापूर टाकला."

मी बाजेवर बसलो.

"काय झालं? महागाचं होतं का?" ती घाबरली. "मी भरून देतो. कोन्या दुकानात भेटते?"

तिला काय सांगू? तिची वहिनी मंडळाची पुढारीण होती, ती हिच्या लेखी देवासारखी. मी म्हणालो, "नाई भेटत. राहू दे. उरलं ते माह्या गुडघ्याले लाव."

"आता वाकतो का मी?" ती म्हणाली. "इकडं या, पाय द्या."

मी पायजमा वर केला. ती चोळत राहिली, सगळं संपेपर्यंत, आणि बोलत राहिली, की तुमी जेवत नाई, अंग पाहा कसं झालं, वयनी असती तं. मी वाकून गुडघ्याजवळ नाक नेलं. काही नाही. गार लागलं तेवढं.

परतीच्या एसटीत शेजारी एक बाई बसली होती. दोन थांबे झाले आणि तिने पदर नाकाला लावला. मग मागच्या बाईला ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाहा वं, एवढा बुढा मानूस, दिवसाढवळ्या पेऊन आला. लाज नाई."

मी तिच्याकडे वळलो. "बाई, कसा वास येते?"

"कसा म्हंजे? दारूचा येते!"

"नुसता दारूचा? अजून कायचा?"

ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. कंडक्टर हसला.

संध्याकाळी पोरीचा फोन आला. मी सांगितलं, नाव नाही समजलं. म्हणालो, "तू दुकानात जाजो अन् तिन्ही हुंगून पाहाजो. उतू गेलेल्या दुधाची ती आईची."

"बाबा, दुकानात बाटल्या बंद असतात. हुंगू देत नाहीत कोणी."

मग तीच म्हणाली, तिन्ही घेऊन येते, घरी उघडून पाहू. म्हटलं, आण. पण तिचं नाक आईचं आहे का बापाचं, हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि फोनवरही विचारायची हिंमत झाली नाही.

तेल लागलेला तो पायजमा मी धुवायला टाकला नाही. खोलीत खुंटीला आहे. पहिले तीन-चार दिवस जो घरात येई तो नाक मुरडी. पेपरवाला, गॅसवाला, समोरची म्हातारी. मला त्यांच्या तोंडावरून समजे की वास अजून आहे. काल दूधवाली आली. मी तिला मुद्दाम आत खुंटीपर्यंत बोलावलं, पातेलं आत आहे म्हणून. तिने दूध ओतलं, दोन गोष्टी बोलली आणि गेली. नाकाला पदर लावला नाही.