हाताची सवय

मोदक म्हणजे तांदळाचं पीठ, खोबरं आणि गूळ, असं मी बिनधास्त सांगायचो. मी जन्माचा ख्रिस्ती. मूर्तीत काही नाही हे मला पक्कं ठाऊक, मग खायला कसली भीती? नव्वदच्या दशकात रोह्याच्या कंपनीतल्या मित्राच्या गडब गावातल्या घरी दरवर्षी गणपतीला मी जेवायचो.

एका वर्षी सोबत पेणचा एकजण होता, आमच्या मंडळीत नुकताच बाप्तिस्मा घेतलेला. आधी तो गणपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे आखायचा. मन मानेना म्हणून ती कला सोडून आमच्या कंपनीत गोणी उचलत होता. वहिनींनी मोदकांची ताटली पुढे केली तेव्हा तो माझ्याकडे बघत राहिला.

"खा रे, मोदक चावत नाही," मी म्हणालो आणि माझा तोंडात टाकला. मग त्यानेही खाल्ला.

पुढे तीन रविवार तो उपासनेला आला नाही, कंपनीतही नाही. मी चरफडत पेण गाठलं. गडी जुन्याच कारखान्यात, नवरात्राच्या देवीसमोर ब्रश धरून बसलेला.

"हे काय रे?"

"तुमी मोदक कपाळाला लावलात," तो म्हणाला. "खाल्लात त्याचं काय नाय. पन कपाळाला लावलात. म्हनलं, जन्माचा ख्रिस्ती नमस्कार करतोय, मंग मी कशापायी धंदा सोडला?"

मी हादरलो. मला आठवतही नव्हतं. कोकणात वाढलेला हात तो. पाय लागलेलं पुस्तक उचललं की कपाळाला जातो, तसा प्रसाद घेतल्यावरही गेला असणार. हे मी त्याला घाईघाईने सांगू लागलो.

"ती तुमची सवय. मला कसं ठावं असनार?"

देवीचे डोळे कोरेच होते. त्याने ब्रश डोळ्यापाशी नेला आणि तसाच मागे घेतला.

"आखणी जमत नाय. डोळा काढाया गेलो तर पाप वाटतं, प्रार्थनेला बसलो तर खोटं वाटतं."

माणूस दोन्हीकडून गेला होता आणि त्याला मी घालवला होता. मला स्वतःची भयंकर चीड आली. मी पुष्कळ विनवलं. तो परत आला नाही.

पुढच्या वर्षी वहिनींनी ताटली पुढे केली.

"यंदा नको, वहिनी."

त्यांचा चेहरा उतरला. मोदकात तेव्हाही पीठ, खोबरं आणि गूळच होता. फक्त ज्याच्यासाठी नको म्हणायचं होतं, तो बघायला तिथे नव्हता.