तेविसाव्या खोलीतला हात

जूनची आठ तारीख उजाडली की आमचं युन्शी गाव दुपारी अडीचनंतर तोंडाला कुलूप लावून बसतं. तीन वाजता कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेतला इंग्रजीचा पेपर आणि पेपरातली पहिली वीस मिनिटं ऐकण्याची. भिंतीवरच्या कर्ण्यातून बाई-बुवांचा संवाद येतो, प्रश्न येतो, पोरांनी ऐकून उत्तराला खूण करायची. एकदा कानावरून गेलं ते गेलं, पुन्हा मागता येत नाही. म्हणून त्या वेळात रिक्षावाला भोंगा वाजवत नाही, गवंडी थापी खाली ठेवतो, चौकात पोलीस उभा राहून ट्रकवाल्यांना हातानेच दटावतो. शाळेमागच्या तळ्यातले बेडूक आदल्या संध्याकाळी पालक स्वतः धरून पलीकडच्या शेतात सोडून येतात. आणि शाळेच्या आवारातल्या कापराच्या झाडांवर लांब बांबू आपटून भर दुपारीही किरकिरणारे रातकिडे उडवले जातात. ते काम गेली एकवीस वर्षं भूगोलाच्या झान बाई करतात. कोणी सांगितलेलं नाही, पगारात धरलेलं नाही.

झान सूछिन बाईंचं आणखी एक खूळ गावाला ठाऊक आहे. सहा तारखेला कर्ण्यांची चाचणी असते, त्याच दिवशी पोरं येऊन आपापली जागा बघून जातात. कर्णे लावणारे वेनकाका खालच्या खोलीत बसून जुनी सराव-ध्वनिफीत सुरू करतात आणि बाई वरच्या मजल्यांवर अडतीस खोल्यांत एकामागून एक जातात. प्रत्येक खोलीत शेवटच्या रांगेतल्या, खिडकीकडच्या बाकावर जाऊन बसतात. हात मांडीवर, मान खाली, डोळे मिटलेले. इंग्रजी बाईंना चार शब्दांपलीकडे येत नाही. तरी पूर्ण संवाद संपेपर्यंत उठायचं नाव नाही.

"अहो, एका खोलीत वाजलं म्हणजे सगळीकडे वाजलं," वेनकाका दरवर्षी करवादतात. "तार एकच आहे. तुम्ही बसता आणि इथे माझा चहा थंड होतो."

"तुम्ही वाजवा. मी ऐकते," बाई म्हणतात.

"समजतं काय तुम्हाला त्यातलं?"

"ऐकू येतं की नाही एवढं समजतं."

त्यांच्या वर्गातल्या पोरांनी आणखी एक गंमत हेरून ठेवली होती. झान बाईंच्या तासाला हात वर केला की बाई बोलताबोलता थांबतात, अगदी वाक्याच्या मध्यात. चेहरा उतरतो. मग पाणी प्यायला जायचं असो की नुसती जांभई असो, लगेच "बोल, बोल, काय झालं?" म्हणतात. टवाळ पोरं तासाला सातसात वेळा हात वर करायची. बाई एकदाही चिडल्या नाहीत. त्यांचे यजमान तर म्हणायचे, हिला वाऱ्याने हललेला पडदासुद्धा हात वाटतो. ते हसण्यावारी न्यायचे आणि बाई उठून पडदा बांधून ठेवायच्या.

हे सगळं सुरू झालं २००३ साली. ते साथीचं वर्ष. शाळेच्या फाटकावर ताप मोजायचे, पोरं तोंडाला मास्क लावून यायची. झान बाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या, गावातल्या दुसऱ्या शाळेत शिकवायच्या. परीक्षेला एका शाळेचे शिक्षक दुसऱ्या शाळेत उभे करतात आणि इंग्रजीच्या पेपराला इंग्रजीचा शिक्षक ठेवत नाहीत, म्हणून त्यांना इथे तेविसाव्या खोलीत सुपरव्हिजन आली. नवी जबाबदारी, बाईंचा जीव मुठीत. आदल्या दिवशीच्या बैठकीत मुख्य अधिकाऱ्याने टेबलावर बोट आपटून बजावलं होतं: ऐकण्याची वीस मिनिटं पर्यवेक्षकाने जागचं हलायचं नाही, चपलेचा आवाज नाही, खोकला नाही, कोणाशी बोलणं नाही. एका शब्दाने तीस मुलांचं नुकसान झालं तर त्याला तुम्ही जबाबदार. बाईंनी त्या दिवशी मुद्दाम कापडी तळव्यांचे बूट घातले होते.

तीन वाजले, कर्ण्यातून आवाज सुरू झाला. पुढे लावलेला कर्णा खणखणीत होता. मागच्या कोपऱ्यातला मात्र सुरुवातीलाच घरघरून बंद पडला, आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाईंना ते कळायचं कारण नव्हतं. दुसरे पर्यवेक्षक दारात घड्याळाकडे डोळे लावून होते. तेवढ्यात बाहेरच्या कापराच्या झाडावरून एक रातकिडा उडून आला, मागच्या खिडकीच्या जाळीवर बसला आणि किरकिरायला लागला.

शेवटच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

मास्कमुळे तिचे डोळेच दिसत होते. हात सरळ वर, बोटं जुळलेली, शाळेत शिकवतात तसा. बाईंना वाटलं, बाहेर जायचं असेल, पेन बंद पडलं असेल. जागचं हलायचं नव्हतं, बोलायचं नव्हतं. बाईंनी आपला हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, आणि दोनदा हळूच खाली दाबला. थांब. गप्प राहा. मुलीने हात खाली घेतला. पुन्हा वर केला नाही. वीस मिनिटं ती ताठ बसून होती, आणि बाईंना तेव्हा तिचं कौतुक वाटलं, ही गोष्ट त्यांना पुढे सगळ्यात जास्त बोचत राहिली.

पाच वाजता उत्तरपत्रिका गोळा करताना त्यांना दिसलं. पहिल्या वीस प्रश्नांना एकच उत्तर, वीसच्या वीस खुणा पहिल्याच चौकोनात. आणि खाली वाचनाचे उतारे, त्यांची उत्तरं आणि पत्र सगळं व्यवस्थित, एकही खाडाखोड नाही. वाचता येणारी पोर ऐकताना अशी खूण करत नाही. बाईंनी वर पाहिलं. मुलगी दाराबाहेर गेली होती. मागच्या कर्ण्याखाली जाऊन उभं राहिल्यावर त्यांना बारीक घरघर ऐकू आली. नाव वाचलं: तान रुइश्वे.

खोलीच्या अहवालाचा कागद समोर होता. त्यात एक ओळ असते, 'काही विशेष घडले असल्यास'. दुसरे पर्यवेक्षक म्हणाले, "आटपा बाई, पाकीट मोहोरबंद करायचंय. उगाच काही लिहाल तर आपल्या दोघांना रात्रभर जबाब देत बसावं लागेल." बाईंनी तिथे लिहिलं: काही नाही.

निकालाचा लाल कागद लागला तेव्हा बाई हळूच जाऊन वाचून आल्या. तान रुइश्वेला कॉलेजच्या प्रवेशाला अकरा गुण कमी पडले होते. ऐकण्याचे एकूण तीस. पुढे तिच्या खेड्यातल्या एका शिक्षकाकडून कळलं की पोर दक्षिणेला बुटांच्या कारखान्यात गेली. बाईंनी त्याच वर्षी या शाळेत बदली मागून घेतली. सुपरव्हिजन पुन्हा कधी केली नाही. एवढंच त्यांना हवं होतं: कधीतरी ती मुलगी भेटावी, आणि तू हात वर केलास तो मला दिसला होता, हे तिला सांगता यावं. माफी मिळेल असंही त्या धरून चालल्या नव्हत्या.

यंदा बाईंचं नोकरीचं शेवटचं वर्ष. सहा तारखेला त्या नेहमीप्रमाणे निघाल्या आणि तेविसाव्या खोलीत कोपऱ्यातल्या बाकावर डोळे मिटून बसल्या. कर्ण्यातून बाई-बुवा बोलत होते. संवाद संपला तेव्हा शेजारी कोणीतरी उभं असल्याचं त्यांना जाणवलं. त्यांनी डोळे उघडले. शेवटच्या बाकापाशी एक मुलगी हात वर करून उभी होती, हात सरळ, बोटं जुळलेली.

बाईंनी बाकाची कड धरली.

"बाई, ही माझी जागा," मुलगी म्हणाली. "तुम्ही झोपला होतात का? मला वाटलं उठवू की नको."

बाकाच्या कोपऱ्यावर चिठ्ठी होती: यान चिंगहो. बाई उठल्या, पण त्यांचा हात बाकावरून निघेना. "बैस," त्या म्हणाल्या. "ऐकून बघ. नीट येतंय ना?"

"येतंय की. आईने मुद्दाम बजावलंय, खिडकीकडची जागा आली तर बसून ऐकून ये. तिलाही ह्याच शाळेत असाच कोपरा आला होता. फार डोकं खाते माझं."

"आईचं नाव काय तुझ्या?"

"तान रुइश्वे. फाटकाबाहेर उभी आहे, लाल छत्री."

बाई उरलेल्या पंधरा खोल्या सोडून खाली उतरल्या. वेनकाका जिन्यात ओरडले, "चोविसावी राहिली की!" त्यांना ऐकूही आलं नाही.

लाल छत्रीखाली चाळिशीची बाई लिची सोलत होती आणि सोललेल्या लिच्या पोरीसाठी डब्यात ठेवत होती. झान बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बावीस वर्षं मनात घोकलेली वाक्यं होती, त्यातलं एकही धड येईना.

"दोन हजार तीन," त्या म्हणाल्या. "तेविसावी खोली. मी तिथे उभी होते."

रुइश्वेने लिची हातात तशीच धरली. बाईंना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "अच्छा," ती म्हणाली. "तुम्ही बुटक्या आहात. मला उंच आठवता."

"तू हात वर केला होतास."

"मी?" तिने जरा आठवून पाहिलं. "केला असेल. तो नाही आठवत मला, बाई. मला तुमचा आठवतो." आणि तिने मोकळा हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, आणि दोनदा हळूच खाली दाबला. अगदी तसाच.

बाईंना रडू आलं. त्या भरभर बोलत सुटल्या. कर्णा, रातकिडा, वीस खुणा, अहवालाचा कागद, त्यावर लिहिलेलं 'काही नाही'. येणारेजाणारे पालक वळून बघायला लागले. रुइश्वेने सगळं ऐकून घेतलं.

"लिहिलं असतं तर काय झालं असतं?" तिने विचारलं.

"माहीत नाही. बहुतेक काहीच झालं नसतं."

"मग झालं तर." तिचा आवाज कडू नव्हता, गोडही नव्हता. "मला फक्त सांगा, आता त्या कोपऱ्यात ऐकू येतं का?"

"येतं. मी स्वतः बसून ऐकलंय. सगळं."

"बरं केलंत." तिने डब्यातली एक लिची बाईंच्या हातावर ठेवली. कोणाही वडीलधाऱ्या माणसाला ठेवली असती तशीच. बाईंनी ती खाल्ली नाही. रुमालात बांधून घरी नेली आणि यजमानांनी विचारल्यावर काहीतरी थाप मारली.

आठ तारखेला दुपारी एकपासून बाई तेविसाव्या खोलीखालच्या झाडावर बांबू आपटत होत्या. वेनकाका म्हणाले, "आता पानंच गळतील, रातकिडा कुठला उरलाय?" तीनला कर्णे सुरू झाले. बाई वेनकाकांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. वीस मिनिटं त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता. एकही रातकिडा ओरडला नाही. कोणत्याही खोलीतून तक्रार आली नाही. वेनकाकांनी घाम पुसला. "निवृत्तीची भेट समजा," ते म्हणाले. बाईंना वाटलं होतं की ही वीस मिनिटं पार पडली की छातीवरचा दगड उतरेल. दगड जागच्या जागी होता.

पाचची घंटा झाली. फाटकात पोरांचा लोंढा आला, शकुनाच्या लाल कपड्यांतल्या आया फुलं घेऊन पुढे घुसल्या. रुइश्वेही लाल झग्यात उभी होती, कानाला फोन. पोरीचा बाप दूर दक्षिणेतल्या तोंगग्वानहून विचारत होता, कसा गेला, कसा गेला. चिंगहो गर्दीतून धावत आली, गाल तापलेले.

"आई! अगं आलं, सगळं ऐकू आलं! फक्त तो शेवटचा संवाद होता ना, त्यात काय झालं, मी—"

रुइश्वे फोनवर बोलत होती. तिने पोरीकडे पाहिलंही नाही. तिचा मोकळा हात पुढे आला, तळवा जमिनीकडे, आणि दोनदा हळूच खाली दाबला गेला.

पोरगी गप्प झाली. रुसली नाही, वैतागली नाही. रोजची सवय असावी तशी ओठ मिटून, हात बाजूला सोडून, ताठ उभी राहिली.

झान बाई फाटकाच्या आत होत्या. तो हात त्यांचाच होता. बत्तीस वर्षांच्या बाईचा, कापडी तळव्यांच्या बुटातल्या. त्या घरात तो किती वर्षं वावरत होता, देव जाणे.

"बोलू दे तिला!" बाई ओरडल्या. ज्या बाई कधी वर्गात आवाज चढवत नसत त्यांचा आवाज अख्ख्या रस्त्यावर गेला. चौकातला पोलीससुद्धा वळला. "रुइश्वे! ती बोलतेय, तिला बोलू दे!"

रुइश्वेने मान वळवली. मग आपल्याच हाताकडे पाहिलं. तो अजून हवेत होता. तिने फोन बंद केला, न सांगता, नवऱ्याचं वाक्य मध्येच तोडून.

"बोल," ती पोरीला म्हणाली. "काय म्हणत होतीस? शेवटच्या संवादात काय झालं?"

चिंगहोने एकदा आईकडे पाहिलं, एकदा फाटकाच्या गजांमागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे.

"काही नाही," ती म्हणाली.