जावयाच्या कविता तपासणारे सासरे

जावयाला आमरस वाढणारे सासरे साऱ्या महाराष्ट्रात सापडतील. पण जावयाला कवितेत नापास करून मग आमरस वाढणारे सासरे एकट्या माझ्याच वाट्याला आले. मुलगी बघायला गेलो तेव्हाच मला अंदाज यायला हवा होता. पगार, शिफ्ट, गावाकडची जमीन, यांतलं काहीएक त्यांनी विचारलं नाही. मुलगा कंपनीत टर्नर आहे आणि जरा कविताही करतो, असं मध्यस्थानं सांगितलं मात्र, ते खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, "ओवी येते का?" मी परभणीकडचा. ओवी बायका जात्यावर म्हणतात, एवढंच मला ठाऊक. तसं मी म्हणालो. मग समोरचे पोहे पार गार होईस्तोवर त्यांनी मला ओवी समजावली. मुलीचं तोंड मी नीट पाहिलं ते साखरपुड्याला.

ही सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत दर गुरुवारी, म्हणजे आमच्याकडच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, नवशिक्या कवींचा वर्ग भरे. सासरे शाळेत मराठी शिकवत. पण तिथली मुलं मार्कांसाठी कविता पाठ करतात, याचं त्यांना फार दुःख. म्हणून ते हातांना ऑइलचा वास येणाऱ्या आम्हा मंडळींना घेऊन बसत. फी नव्हतीच, उलट सासूबाईंचा चहा होता. कवितेच्या प्रत्येक प्रकाराला जगात काहीतरी काम नेमून दिलेलं आहे, असं ते ठासून सांगत. ओवी दळता दळता मनातलं बोलायला, अभंग देवाशी भांडायला, पोवाडा घाबरलेल्याला उभं करायला. लावणीचं काम सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली येई आणि नजर स्वयंपाकघराकडे जाई. आत भांडं आपटलं की ते घाईघाईनं सुनीत काव्यावर येत. "चौदा ओळींत ज्याचं प्रेम मावत नाही, त्यानं सरळ लग्न करावं," हे त्यांचं सुनीताविषयीचं मत. मुक्तछंदाचं तर नाव काढायची सोय नव्हती. "मुक्तछंद म्हणजे पेन्शन. आधी नोकरी करा."

माझ्या तेव्हाच्या झाडून सगळ्या कविता मुक्तछंदातल्या, आणि सगळ्यांत मी एकटा, उदास आणि थकलेला. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या, माझ्या बायकोला हाक मारली आणि विचारलं, "सुमन, ह्यांना घरी काही त्रास आहे का गं?" मग त्यांनी मला शेजारच्या बाळाच्या बारशासाठी पाळणा लिहायला बसवलं. मी त्या पाळण्यात क्षितिज आणलं, ब्रह्मांड आणलं. शेजारीणबाईंनी तो म्हणून पाहिला तर दुसऱ्याच कडव्याला त्यांना धाप लागली आणि बाळानं भोकाड पसरलं. सासऱ्यांनी तांबड्या शाईत शेरा मारला, 'बाळास नापसंत.' पुन्हा लिहिला, पुन्हा बाळ रडलं. शेवटी एकदाचं ते झोपलं, तेव्हा मला कुठलंही बक्षीस मिळाल्यापेक्षा बरं वाटलं.

स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांना आवरतं घेणं जमत नसे. माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं इतकी लांबली की पाहुण्यांच्या हातातल्या अक्षता संपल्या. भटजींनी मुहूर्ताची आठवण करून दिली, तर हे म्हणाले, "जरा थांबा, मुलीचे मामा अजून वृत्तात बसायचेत."

मग आमच्या कंपनीतला शंकर गेला. माझ्या शेजारच्या मशीनवर असायचा. दिघीतल्या जुन्या घरातला, विधवा आईचा एकुलता एक. कावीळ झाली आणि पाहता पाहता संपला. गावात देवळासमोर शोकसभा ठरली आणि तिथे काहीतरी वाचायचं काम मित्रांनी माझ्यावर टाकलं. मी लिहिलेलं घेऊन सासऱ्यांकडे गेलो. काळाचा घाला, निखळलेला तारा, सगळं होतं आणि मात्रा चोख होत्या. त्यांनी वाचून कागद बाजूला ठेवला आणि शंकर कसा होता ते विचारलं. मी सांगत गेलो. डबा उघडला की आधी दुसऱ्याला वाढायचा. शीळ घालत मशीन पुसायचा. पुढचा दात तुटलेला, म्हणून हसताना तोंडावर हात धरायचा. सांगता सांगता मला रडू फुटलं. त्यांनी ते थांबू दिलं. मग म्हणाले, "जावईबापू, आत्ता बोललात तसंच उतरवून काढा. छंद राहू द्या बाजूला. त्याच्या आईला आपला मुलगा ओळखू आला पाहिजे."

मी तेवढंच वाचलं. सभा उठल्यावर शंकरची आई माझ्याजवळ आली. "व्हय, असाच हसायचा," ती म्हणाली. "पुन्यांदा म्हन बाबा." मी तिथेच उभ्यानं तिच्यासाठी पुन्हा वाचलं. परतताना सासरे आणि मी सायकली हातात धरून चालत आलो.

बोलायला मला आईवडिलांनी शिकवलं. कुणाशी बोलतोय ते बघायला या माणसानं शिकवलं. एवढं त्यांना तोंडावर सांगायचं माझ्या जिवावर येत राहिलं, आणि आता त्यांना ऐकू येत नाही. शाळा सुटली, वर्गही बंद झाला. तरी गुरुवारी मी जातो, त्यांच्या शेजारी पलंगावर बसतो आणि नवीन काही लिहिलं असेल तर मोठ्यानं वाचतो. ते डोळे मिटून माझ्या पाठीवर तळवा ठेवतात. आवाज तिथून कळतो, असं त्यांचं म्हणणं. कविता संपते, तरी तो हात लगेच निघत नाही. मीही उठायची घाई करत नाही.