घासलेलं पातेलं

निवृत्तीनंतर बऱ्याच फायली विसरलो, पण जयलक्ष्मीपुरमच्या त्या पंगतीची तक्रार अजून शब्दन् शब्द आठवते.

मी तेव्हा म्हैसुरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. एका घरी बारशाचं जेवण झालं आणि तासाभरात तीसेक माणसं उलट्यांनी आडवी झाली. सगळी वाचली, पण यजमानांनी स्वयंपाकीणबाईंविरुद्ध लेखी तक्रार दिली. आदल्या दिवशी या स्वयंपाकीणबाईंचं यजमानीणबाईंशी कडाक्याचं वाजलं होतं. तो राग धरून त्यांनी अन्नात काहीतरी घातलं, असा आरोप होता. गुन्हा नोंदवला, उरलेल्या अन्नाचे नमुने सील करून प्रयोगशाळेत पाठवले, पंचनामा करून भांडी ताब्यात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना जबाबासाठी बोलावलं. पन्नाशीच्या, विधवा, वीस वर्षं लोकांच्या पंगती रांधलेल्या. शहरभर बोभाटा झाला होता. त्या रडल्या नाहीत. "भांडले मी, खरं आहे. पण अन्नावर राग काढणारी मी नव्हे," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्यासाठी डबा घेऊन शेजारच्या सत्तरीतल्या बाई आल्या होत्या. त्यांचं घराणं पूर्वी कापड रंगवणाऱ्यांचं. माझं मराठी ऐकून त्या थेट टेबलाशी आल्या.

"साहेब, माणूस नंतर बघा, आधी पात्रं बघा. नवीन पातेल्यातलं सारू तेवढं बाधलं म्हणतात. आमच्यात रंगाचं भांडं चुलीवर बेडाच, नकोच. कितीही घासा, ते परत स्वयंपाकात येत नाही."

मी रुग्णालयातले जबाब पुन्हा चाळले. पायस आणि दहीभात खाल्लेले ठणठणीत होते. आजारी पडलेल्या प्रत्येकाने चिंचेचं सारू, म्हणजे आपलं सार, घेतलं होतं, आणि सारू भाड्याने आणलेल्या मोठ्या स्टीलच्या पातेल्यात शिजलं होतं.

भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. तो पहिल्यापासून ठाम होता: भांडी नवीन, बाजारातून घेतलेली. चौकशीत आवाज चढवून फारसं मिळत नाही, हा माझा अनुभव. मी त्याला चहा दिला आणि घरच्यांची विचारपूस केली. गेल्याच आठवड्यात त्याच्याकडे सत्यनारायण झाला होता.

"मग स्वयंपाक याच नव्या पातेल्यांत केलात?"

"नाही, आमची जुनीच घेतली," तो सहज बोलून गेला.

"का?"

त्याने कप खाली ठेवला. मग सगळं बाहेर आलं. नंजनगूडचा धातूला मुलामा चढवणारा एक छोटा कारखाना बंद पडला होता. तिथे रसायनं कालवायची तीन पातेली त्याने भंगाराच्या भावात उचलली, ॲसिडने घासून चकचकीत केली. बाकीची दोन कुठे, विचारलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"येलवालला. आज लग्न आहे."

अकरा वाजून गेले होते. पातेली ओळखायला स्वयंपाकीणबाईंना जीपमध्ये घेतलं. हुणसूर रस्त्यावर ड्रायव्हरने जीप अक्षरशः पळवली. मांडवात पानं मांडून झाली होती, पहिली पंगत बसत होती. बाईंनी चुलीवरची दोन्ही पातेली लांबूनच दाखवली; दोन्हींत सांबार रटरटत होतं. मी मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी वाढप थांबवलं. चारशे माणसांना आता काय वाढू, म्हणाले.

बाईंनी पदर खोचला. गावातून घरोघरची भांडी मागवली आणि दीड तासात भात, सारू, कोशिंबीर उभी केली. आदल्या दिवशी जिच्यावर विष घातल्याचा आळ होता, तिच्या हातचं त्या दिवशी अख्खा मांडव जेवला. मीही पंगतीत बसलो आणि दोनदा सारू मागून घेतलं.

पुढे अहवाल आला: सारूत कॅडमियम, मुलाम्यासाठी वापरतात तो विषारी धातू. तज्ज्ञांनी समजावलं की असं रसायन भांड्याच्या पृष्ठभागाला आणि कडांच्या दुमडीत धरून राहतं, आंबट पदार्थ शिजताना अन्नात उतरतं. घासण्याने ते भांडं खाण्याजोगं होत नाही. गुन्ह्यातून बाईंचं नाव निघालं, दुकानदारावर आरोपपत्र गेलं, तिन्ही पातेली न्यायालयाच्या हुकमाने चेपून टाकली. यजमानीणबाई स्वतः माफी मागायला बाईंच्या घरी गेल्या.

त्या दिवसापर्यंत मी गुन्ह्यात आधी वैर शोधत असे. दुकानदाराचं कुणाशीच वैर नव्हतं. स्वतःच्या घरी जे चालणार नाही ते दुसऱ्याच्या पानात चालेल, एवढंच त्याला वाटलं होतं. नंतरच्या नोकरीत प्रत्येक संशयिताला मी एक प्रश्न हमखास विचारला: हे तुम्ही तुमच्या घरात केलं असतं का? बहुतेक प्रकरणं तिथेच उलगडली.