आडव्या गाडीवरची आचल

आचलला भीतीच वाटत नाही असं गावात सगळे म्हणत, पण ते काही खरं नव्हतं. पालीला ती घाबरायची. दातांच्या डॉक्टरला घाबरायची. बारावीच्या गणिताच्या पेपराच्या दिवशी तर तिला सकाळपासून दोनदा उलटी झाली होती. फक्त बाकीचे जिथे घाबरायचे तिथे तिला मजा यायची, एवढंच. तेल्हाऱ्याच्या पुढे त्यांचं गाव. शेतातल्या विहिरीत चुलतभाऊ पायरीवरून उडी टाकायचे, ही काठावरच्या कडुलिंबावर चढून टाकायची. स्कूटीच्या आधी तिला ट्रॅक्टर आला. वडील चंद्रभान कौतुकानं म्हणायचे, "पोट्टीचा हात साफ हाय." त्यावर आई, कौशल्या, चुलीपाशी बसून म्हणायची, "अजून चढवा तिले डोक्यावर."

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना ती मावशीकडच्या मंडळींबरोबर बहिरमच्या यात्रेला गेली. मंडळींचा सगळा जीव रोडग्यांत आणि हंडीतल्या मटणात. कोण वांगी चिरतंय, कोण रोडगे भाजायला गोवऱ्या रचतंय. आचलचं लक्ष मात्र पाळण्यांच्या पलीकडून येणाऱ्या आवाजाकडे. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलींचा तो आवाज छातीत घुमत होता. तिथे लाकडी फळ्यांचा एक मोठा गोल उभा होता, घरापेक्षा उंच, आणि त्यावर पाटी होती : मौत का कुआं. जिन्यानं वर चढलं की काठावरून आत पाहायचं. आत तळाला गाडी सुरू होते, आधी तिरप्या फळ्यांवर फिरते, वेग घेते आणि मग सरळ उभ्या भिंतीवर चढते. गाडी आडवी, माणूस आडवा, आणि आपण वरून त्याच्या टाळूकडे पाहतोय.

त्या दिवशी भिंतीवर एक बाई होती. लाल कुडता, लांब वेणी. तिनं दोन्ही हात सोडले, केसांतला चाप काढला, दातांत धरला, केस नीट केले आणि चाप पुन्हा लावला. गाडी आपली फिरतेच आहे. लोक ओरडत होते. आचल ओरडली नाही. तिला एकदम हेवा वाटला.

खेळ संपल्यावर ती कनातीमागे गेली. लाल कुडत्यातली बाई उलट्या बादलीवर बसून बशीतून चहा पीत होती. तिचं नाव अमरीन. कुआं तिच्या वडिलांचा, अकोल्याच्या गयासुद्दीनभाईंचा.

"ताई, हे शिकवता का?"

अमरीननं तिला वरून खालपर्यंत पाहिलं. "क्या आता तेरेकू?"

"ट्रॅक्टर येते."

"ट्रॅक्टर दीवार पे नहीं चढता."

"म्हणून तं इचारून राहिली!"

अमरीनला ठसका लागला. चहा कुडत्यावर सांडला. पण हसणं थांबल्यावर तिनं फोन नंबर दिला.

पावसाळ्यात यात्रा नसतात. तेव्हा गयासुद्दीनभाई अकोल्याबाहेरच्या आपल्या मोकळ्या जागेत कुआं उभा करायचे, कुजक्या फळ्या बदलायचे, नटबोल्ट कसायचे. आचल कॉलेजसाठी अकोल्यातच खोली घेऊन राहत होती. तिनं घरी काही लपवलं नाही, फोन करून सरळ सांगितलं. वडील बराच वेळ "हॅलो, हॅलो, आवाज येऊन नाई राहिला" असं म्हणत राहिले. आवाज चांगला येत होता. आईनं फोन घेतला.

"कॉलेजात हेच शिकवतात का तुमाले?"

"कॉलेजच्या बाहेर शिकवतात, आई."

"हातपाय मोडले मंग?"

"मंग कॉलेजात जाईन, बसून."

आईनं फोन ठेवला.

गाडी हातात यायला फार वेळ लागला. आधी पायीच पळायचं, तिरप्या फळ्यांवरून गोल गोल, डोकं गरगरायचं थांबेपर्यंत. मग सायकल. मग मोटारसायकल, मागे अमरीन बसलेली. अमरीनची शिकवण मोजकीच होती. खाली पाहायचं नाही, लोकांकडे पाहायचं नाही, चाकाच्या पुढची फळी पाहायची. आणि एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा कानात ओरडायची : "डर लगा तो रेस बढा! कम मत कर!" माणूस घाबरला की त्याचा हात आपोआप रेस कमी करतो. रस्त्यावर ते ठीक. भिंतीवर रेस कमी झाली की भिंत तुम्हाला सोडून देते.

आचलला हे समजलं होतं, तरी एकदा तिच्या हातानं ऐकलं नाही. ती गाडीसकट घसरत तळाला आली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. आई तेल्हाऱ्याहून एसटीनं डबा घेऊन दवाखान्यात आली. खाटेजवळ बसली, लेकीला घास भरवले, एक शब्द बोलली नाही. डबा पुसून पिशवीत ठेवल्यावर म्हणाली, "झालं आता समाधान?"

"कुठी चुकलं थे समजलं आता," आचल म्हणाली.

शेजारच्या खाटेवरच्या बाईला हसू आलं. कौशल्याबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं तोंडावर पांघरूण घेतलं.

हाड जुळलं. पुढच्या हिवाळ्यात बहिरमला आचल भिंतीवर होती. भोंग्यावरून गयासुद्दीनभाई ओरडत होते, "तेल्हारे की शेरनी!" वडील पाहायला आले. वरच्या गॅलरीचा पाईप त्यांनी जो दोन्ही हातांनी धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही. गावी जाऊन मात्र पारावर असं वर्णन केलं की गाडी त्यांनीच चालवली असावी. आई आली नाही. पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. "मले नाई पाहाचं," एवढंच. आचलला वाटायचं, आईला कशाचीच हौस नाही.

मग स्थळं यायला लागली आणि त्याच वेगानं परत जायला लागली. एका मुलाच्या मामानं तर पोह्याची बशी अर्धी टाकून चपला घातल्या. त्यामुळे परतवाड्याच्या कुलदीपचं स्थळ आलं तेव्हा कौशल्याबाईंनी लेकीला आधीच बजावून ठेवलं : "इचारलं तं सांग, खाजगी नोकरी हाय."

कुलदीप आणि त्याची आई इंदूबाई, दोघंच आले होते. इंदूबाईंनी विचारलं, "काय करतं बेटा?"

"मौत के कुएं में गाडी चालवते," आचल म्हणाली.

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. इंदूबाईंनी कपाळाला हात लावला आणि लेकाकडे वळल्या. "पाह्य बाप्पा! तुले तुयासारखीच भेटली."

कुलदीप मोबाईलच्या टॉवरवर चढायचा. मेळघाटात कुठे टॉवर बंद पडला, डिश वाऱ्यानं फिरली, की त्याला बोलावणं. शिडीनं टोकापर्यंत जायचं, पट्ट्याचा हुक अडकवायचा आणि हवेत लटकून पान्यानं नट फिरवायचे. हे सांगताना तो आचलकडे न पाहता पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता. आठवडाभरानं तो तिचा खेळ पाहायला आला. पाहून खाली उतरला आणि तिच्यापुढे उभा राहिला.

"कसं वाटलं?" आचलनं विचारलं.

"काय?"

"कसं वाटलं म्हटलं!"

"जोरानं बोल," कुलदीप म्हणाला. "कान बसले माये."

आचलनं त्याच दिवशी हो म्हणून टाकलं.

साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख ठरली. त्याच्या आदल्या आठवड्यात तिला वाटलं, यानं माझं काम पाहिलं, आपणही याचं पाहावं. परतवाड्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, घाटाची सगळी वळणं खात ती धारणीच्या बाजूला गेली. सोबत डबा होता, वांग्याची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी. टेकडीवर टॉवर, खाली कंपनीची गाडी आणि कुलदीपचा जोडीदार. कुलदीप पार वर, माकडाएवढा दिसत होता. तिनं हात हलवला, त्यानंही हलवला. हलवताना त्यानं एका हातानंच धरलेलं होतं, हे पाहून ती दचकली. तिला नवल वाटलं. आपण तर दोन्ही हात सोडतो.

टॉवरच्या पलीकडच्या अंगाला आग्या मोहोळ लटकलं होतं. कुलदीपला ते ठाऊक होतं. मेळघाटात टॉवर म्हटला की मोहोळ असायचंच. आपण आपलं काम करायचं, त्यांना त्यांचं करू द्यायचं. पण त्या दिवशी त्याच्या हातून पाना सटकला, लोखंडावर ठणकन आदळत खाली गेला, आणि वर काळा धूर उठावा तशा माश्या उठल्या.

"गाडीत बसा! काचा वर करा!" जोडीदार ओरडला आणि त्यानं तिला अक्षरशः आत ढकललं.

काचेतून आचल पाहत होती. कुलदीपला पळता येत नव्हतं. पळायला जागाच नव्हती. त्यानं पायरीला हुक लावायचा, एक पायरी उतरायची, हुक काढायचा, पुन्हा लावायचा. माश्या त्याच्या डोक्यावर, मानेवर, हातांवर. मध्येच तो थांबला, शिडीला कवटाळून नुसता उभा राहिला. आचल आधी ओरडली, "हळू! हळू उतर!" मग ओरडली, "लवकर ये!" मग पुन्हा "हळू!" त्याला यातलं काहीच ऐकू जात नव्हतं. तिचा उजवा हात रेस पिळल्यासारखा सीटची कड पिळत होता, आणि त्या हातात काहीच नव्हतं. इतकी वर्षं भिंतीवर फिरली, पण इतकं असहाय तिला कधी वाटलं नव्हतं. वर असणारा माणूस निदान काहीतरी करत असतो. खाली असणाऱ्यानं काय करायचं?

शेवटच्या काही पायऱ्यांवरून त्यानं उडीच टाकली आणि गाडीत घुसला. सोबत माश्याही घुसल्या, एकीनं आचलच्या कानाला प्रसाद दिला. जोडीदारानं धारणीच्या दवाखान्यापर्यंत गाडी हाणली. इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, पट्ठ्या डगमगला नाही म्हणून वाचला.

कुलदीपचा एक डोळा पूर्ण बंद झाला होता, दुसरा किलकिला. "डबा आणला का?" त्यानं विचारलं.

आचलला रडू कोसळलं. मग राग आला. "सोडून दे हे काम. लगीन कराचं असंल तं सोड."

"तू कुआं सोडतं का?"

तिनं डब्याचं झाकण उघडलं. बाहेर कोणीतरी रॉकेलसाठी की रिक्षासाठी भांडत होतं.

"मंग?" कुलदीप म्हणाला.

"मंग काई नाई. जेव." तिनं भाकरी कुस्करली आणि त्या सुजलेल्या तोंडात बारीक बारीक घास भरवायला सुरुवात केली. भरवता भरवता तिला अकोल्याचा दवाखाना आठवला, आणि एक शब्द न बोलता घास भरवणारी आई.

साक्षगंध ठरल्या तारखेलाच झालं. इंदूबाई हटल्या नाहीत. "हॉल बुक हाय, माश्याईले काय इचाराचं?" म्हणाल्या. फोटोंत नवरदेवाचं तोंड टम्म फुगलेल्या पुरीसारखं आहे आणि नवरीचा एक कान लाल. आचलच्या मावशीनं हळूच विचारलंसुद्धा, "पोट्टा थोच हाय ना वं, पाहून गेला थो?"

पाहुणे गेल्यावर आचल आईजवळ जाऊन बसली. आई उरलेले बुंदीचे लाडू डब्यात भरत होती.

"आई, माया खेळ सुरू असते तवा तू काय करतं?"

"काय कराचं? फोनपाशी बसून रायते. वाजला नाई म्हंजे बरं हाय."

"एवढे दिवस?"

"मंग कोण बसंल? तुया बाप बसंल?"

आचलनं डब्यात दोन लाडू ठेवले. तिनं एवढंच म्हटलं, "मी सोडत नाई पण, आई."

"मी कुठी म्हणून राहिली सोड म्हणून?"

"म्हणत तं होती."

"थे पहिले," कौशल्याबाई म्हणाल्या आणि तिच्या हातावर एक लाडू ठेवला.

लग्न झालं. कुलदीपनं आणि आचलनं आपसात एकच ठरवलं : कोणी कोणाला सोड म्हणायचं नाही, आणि काम उरकलं की पहिला फोन घरी. तिनं आईला सांगून टाकलं, आता वाजला तर घाबरू नकोस, उतरले म्हणून वाजतोय.

त्या हिवाळ्यात बहिरमला इंदूबाई आल्या त्या कौशल्याबाईंना घेऊनच. इंदूबाई थेट गॅलरीत चढल्या आणि पहिली गाडी सुरू व्हायच्या आधीच शिट्ट्या मारायला लागल्या. कौशल्याबाई जिन्यापाशी थांबल्या. "मी नाई वर येत," म्हणाल्या, "पण इथी आली, इतकं बस झालं."

कनातीमागे अमरीनची आई रहिमाबी कांदे चिरत होत्या. भिंतीवर नवरा फिरला, लेक फिरली, पण त्यांनी एकदाही खेळ पाहिला नव्हता. त्यांनी पाट सरकवला. "बैठो बाई. देखना नहीं. बस सुनना."

आचलनं हे सगळं तळाला उभं राहून फटीतून पाहिलं, मग गाडीला किक मारली. तिरपी फळी, मग भिंत. काठावर चेहऱ्यांची पट्टी झाली, इंदूबाईंची शिट्टी कुठूनशी आली आणि मागे राहिली. तिनं हात सोडले, दुपट्टा हवेत पसरला. लोक पेटले.

उतरून, फोन न लावताच, घामानं निथळत ती कनातीमागे आली. दोघी आया कांद्यानं लाल झालेल्या डोळ्यांनी बसल्या होत्या. कौशल्याबाईंनी मान वर केली.

"मधात गाडीचा आवाज काहून दबला वं?"

आचल चमकली. भिंतीवर तेल सांडलेल्या एका फळीपाशी तिचा हात क्षणभर ढिला पडला होता. वर इतके लोक, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिला वाटलं, काही नाही म्हणून सांगावं. मग तिनं बादली उलटी केली आणि आईशेजारी बसली.

"घाबरली होती, आई."

"मंग?"

"मंग रेस वाढवली."

कौशल्याबाईंनी रहिमाबींपुढची सुरी उचलून तिच्या हातात दिली. "चीर आता. रहिमाबीचा हात दुखून राहिला."